टोपलीतली परीक्षक

माझ्या घरमालकांनी माझा चेहरा कधी नीट पाहिला असेल असं मला वाटत नाही. गिरीजला त्यांच्या वाडीतल्या मागच्या खोलीत मी बरीच वर्षं राहिले, पण एकदा वसईच्या बाजारात भाजीवालीसमोर आम्ही दोघंही उभी असताना त्यांनी मला ओळखलं नाही. मी भेंडी घेऊन चालायला लागले तेव्हा मागून हाक आली, "अगं पोरी, तू होय." माणसं ते गुडघ्यांवरून ओळखत, आणि उभ्या माणसाचा गुडघा काही बोलत नाही.

उंच, काटकुळे, अंगात गंजीफ्रॉक आणि खाली खाकी हाफपँट. लग्नकार्यालाही हाफपँटच, फक्त ती वेगळी, इस्त्रीची. कुणी हसलं तर म्हणत, "जगाचे गुडघे बघत फिरतो, मग आपले झाकून कसं चालेल?" लग्नात ते जेवणाच्या पंगतीकडे फिरकत नसत. मंडपाच्या पायरीशी खुर्ची टाकून बसत आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचा निकाल बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, सांगत. नवरदेवाचा मामा, डावा गेलेला. करवली, अजून दहा वर्षं काळजी नाही. काकी मान डोलावत आणि जिलेबी खात. त्यांचं लग्न झालं तेव्हाही काकांनी म्हणे आधी त्यांना विहिरीवरून भरली कळशी घेऊन उतरताना पाहिलं आणि मगच होकार दिला. "माझं तोंड लग्नानंतर बघितलं," असं काकी सांगत, आणि त्यात तक्रार किती आणि मिरवणं किती ते मला कधी कळलं नाही.

शेजारच्या गावातले फादर स्कूटरवरून जायचे, त्यांनाही काकांनी एकदा थांबवलं होतं. "फादर, तुम्ही गुडघे टेकता ते बरोबर आहे. पण उठताना बाकाला हात लावत जा. एका झटक्यात उठता तुम्ही." हे फादर हिंदूंच्या वाडीतल्या माणसाचं ऐकतील असं कुणाला वाटलं नव्हतं. पुढच्या रविवारपासून ते हात लावून उठतात, अशी बातमी मात्र पाववाल्याने आणली.

मला खोली मिळाली तीही अशीच. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी साताऱ्याकडची. एका मोठ्या सरकारी उपक्रमाच्या वसईच्या कचेरीत व्हॉलीबॉलची खेळाडू म्हणून तात्पुरती लागले होते. खोली बघायला आले तेव्हा काका ओटीवरच्या झोपाळ्यावर होते. म्हणाले, वर ये. मी तीन पायऱ्या चढून वर गेले. म्हणाले, आता खाली जा. मी खाली गेले. म्हणाले, आता परत वर येऊन परत खाली जा, पण बोलत बोलत. मी विचारलं, खोली दाखवताय की कवायत घेताय. त्यावर त्यांनी आत बघून काकींना सांगितलं, "हिला दे खोली. उतरते चांगली. बोलते जास्त."

माझ्या आधी एका बँकेच्या साहेबांना त्यांनी नकार दिला होता. ते साहेब रिक्षातून एक पाय खाली टेकवून त्याच पायावर गर्रकन वळले होते. "हा माणूस कुठेतरी पडणार, आणि नाव माझ्या पायरीचं घेणार," असं काकांचं म्हणणं.

काका स्वतः तरुणपणी व्हॉलीबॉल खेळत. उंचीमुळे जाळ्यावर त्यांचा दरारा होता, असं गावातली जुनी माणसं सांगत. मग एका जत्रेतल्या सामन्यात उडी मारून खाली आले आणि डावा गुडघा आतल्या आत फिरला. लिगामेंट हा शब्द तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. एका चोळणाऱ्याने तेल लावून तो चोळला, बरा होईना म्हणून आणखी चोळला. सूज गेली आणि गुडघा सैल राहिला. चालता चालता तो मध्येच सुटायचा. मग काका जिथे असतील तिथे, केळीच्या पाटात किंवा भर रस्त्यात, एका पायावर थांबत आणि आकाशाकडे बघत, जणू विमान चाललंय. गावाला हे विमान ठाऊक होतं, त्यामुळे कुणी वर बघत नसे.

आता माझ्या गुडघ्याकडे येते.

लोकांना वाटतं, खेळाडूचा गुडघा खेळताना जातो. माझा एव्हरशाईन सिटीतल्या एका हळदीकुंकवाला गेला. कचेरीतल्या मैत्रिणीच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि गाड्या लावायच्या जागेत बायकांची संगीत खुर्ची ठेवली होती. खाली गुळगुळीत लाद्या, अंगावर काठपदराची साडी, बक्षीस स्टीलचा डबा. शेवटी एक खुर्ची आणि दोघी उरलो, मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एक भक्कम बाई. गाणं थांबलं. मी पाय रोवला आणि खुर्चीकडे वळले. वरचं अंग वळलं, पाऊल जागेवरच राहिलं आणि मध्ये गुडघ्यात कट् असा आवाज झाला. मी खुर्चीवर बसले मात्र. डबा मला मिळाला. तो अजून आहे, रवा ठेवते त्यात.

तासाभरात गुडघा भोपळ्याएवढा झाला. मला धरून वाडीत आणलं, तेव्हा काकांनी झोपाळा थांबवला, माझ्या गुडघ्याकडे बराच वेळ बघितलं आणि एवढंच विचारलं, "आवाज आला?" मी हो म्हटलं. ते आत जाऊन बर्फ घेऊन आले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की काकांच्या भाडेकरणीचा गुडघा खुर्चीवर बसताना गेला. ती खुर्ची नुसती नव्हती, संगीत होती, हे सांगायचं त्यांनी मुद्दाम गाळलं होतं.

काकींची एक नात्यातली बाई तेलाची बाटली घेऊन चोळायला आली, तिला मात्र काकांनी पायरीवरूनच परत पाठवलं. "एक गुडघा चोळून घालवलात तो पुरे," म्हणाले. मला डॉक्टरकडे त्यांनीच पाठवलं. मोठ्या तपासणीत दिसलं की पुढचं लिगामेंट तुटलंय. सूज उतरून पाय सरळ व्हायला लागल्याशिवाय डॉक्टर हात लावेनात, त्यामुळे ऑपरेशन झालं ते उन्हाळ्यात. माझीच एक शीर काढून त्या जागी बसवली. डॉक्टर म्हणाले, "नवी दोरी बांधलीय. ती रुजायला वेळ लागेल. निदान नऊ-दहा महिने उडी विसरा, आणि त्यानंतरही पायाची ताकद बघून."

आणि इथेच घोडं अडलं. माझी नोकरी तात्पुरती होती. वर्षअखेरीला आमची आंतरविभागीय स्पर्धा असे. ती खेळलेल्या मुलींच्याच फायली कायम करायला पुढे जात. आमचे संघव्यवस्थापक भले गृहस्थ होते, खिशात कायम शिट्टी, पण नियमाला त्यांचा इलाज नव्हता. "मॅडम, बाकी काही नको. डिसेंबरात कोर्टवर या," एवढंच म्हणाले. साताऱ्याला वडिलांनी माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं, नोकरी गेली की लगेच मुंडावळ्या. तेव्हा डिसेंबरात उडी मारायची, हे मी ऑपरेशनच्या टेबलावरच ठरवून टाकलं होतं.

वसईत एक तरुण फिजिओ बाई नुकत्या बसायला लागल्या होत्या. त्यांनी व्यायाम लावून दिले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, टाच सरकवत पाय दुमडायचा, सरळ पाय उचलून धरायचा. दिसायला काहीच नाही, करताना डोळ्यांत पाणी. वजन बांधायला त्यांनी सांगितलं, तर काकांनी जुन्या पँटच्या पायात वालाचे दाणे भरून पिशवी शिवून घेतली. आठवड्याला मूठभर वाल वाढत. माझा पाय किती सुधारला हे काकींना डब्यातल्या वालावरून कळे. भाजीला वाल उरत नाहीत म्हणून त्या कुरकुरत.

फिजिओ बाई एकदा वाडीत आल्या, तेव्हा काकांनी त्यांनाही पायऱ्या उतरायला लावल्या. त्या पास झाल्या. काकांना ते फारसं आवडलं नाही. मग बाईंनीच त्यांच्या गुडघ्याकडे बघून विचारलं, "काका, तुमचं काय? मांडीचे व्यायाम केलेत तर ह्याचं सुटणं कमी होईल." काका म्हणाले, "माझा जुना आहे. जुन्या वस्तूला हात लावू नये." आणि केळीत निघून गेले. जाताना विमान आलं, ते आम्ही दोघींनी बघितलं.

काका सगळंच बरोबर सांगत असं मुळीच नाही. ऑपरेशन झालेला पाय चादरीबाहेर ठेवून झोपायचं, म्हणजे शिरेला हवा लागते, असं ते सांगत. लागले ते डासच. दही बंद केलं होतं. टीव्हीवर क्रिकेटमध्ये कुणी पडताना दिसलं की टीव्ही बंद करत, कारण दुसऱ्याचा गुडघा वळताना बघितला की आपलाही शिकतो. हे फिजिओ बाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या.

पण काही गोष्टी त्यांच्या तोंडून अशा बसल्या की पुढे मी शाळेतल्या मुलींना शिकवायला लागले तेव्हा त्याच वापरल्या. सकाळी मोरीपाशी मला दोन पायांवर उभं बघितलं की म्हणत, "दात घासायला दोन पाय कशाला लागतात?" मग एका पायावर उभं राहून घासायचे, आधी भिंतीला बोट लावून, मग न लावता, मग डोळे मिटून. अर्ध्या बैठका घालताना माझे गुडघे एकमेकांकडे झुकत. त्यावर त्यांचा उपदेश असा, "दोन जावा आहेत असं समज. एका घरात राहायचं, पण तोंडाकडे तोंड करायचं नाही. दोघींनी आपापल्या अंगठ्याकडे बघायचं." आतून काकी म्हणाल्या की मग त्यांच्या जावेचं आणि त्यांचं वर्षानुवर्षं बरोबरच चाललं होतं म्हणायचं.

दिवाळी जवळ आली. मी चालत होते, पायऱ्या उतरत होते, पाटाच्या बांधावरून हळूहळू धावत होते. फिजिओ बाईंनी लहान उड्यांना परवानगी दिली. मोठ्या उडीचं त्या अजून नाव काढू देत नव्हत्या, मांडी अजून दुसरीच्या मापाची झाली नाही म्हणत. मी त्यांच्याशी हुज्जत घातली, डॉक्टरांशी घातली. काकांशी घालायला गेले तर ते म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही. तू ह्या बाकावरून उडी मार. ती उठली नाही, तर खुशाल खेळ."

ती म्हणजे कोंबडी. ओटीच्या कोपऱ्यात, बाकाखाली, टोपलीत अंड्यांवर बसवलेली खुडूक कोंबडी.

नियम साधा होता. मी बाकावरून उडी मारून ओटीवर उतरायचं. उतरणं हलकं असलं पाहिजे. कोंबडी दचकून उठली तर उतरणं जड, आणि जड उतरणाऱ्या पायाला जाळ्यापाशी जायला आणखी एक आठवडा बंदी. कोंबडीपुढे वशिला चालत नाही, असं काका म्हणाले. मला ते पटलं. डॉक्टर आणि फिजिओ माझी काळजी करत होते, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता. कोंबडीला माझ्याबद्दल काहीच वाटत नव्हतं.

मी बाकावर चढायचे. काका झोपाळ्यावर असायचे, पण मी उडी मारायच्या आधी ते पाय टेकवून झोपाळा थांबवायचे. मला वाटायचं, माझ्या परीक्षेचा मान राखतात. मी उडी मारायचे. टोपलीतून क्वॉक असा आवाज यायचा आणि कोंबडी पंख फुलवून अर्धी उठायची.

"उठली," काका म्हणायचे आणि झोपाळा पुन्हा सुरू करायचे.

सुट्टीच्या दिवशी मी दिवसभर सराव करू लागले. गुडघे वाकवून, चवड्यांवर, श्वास सोडत, मांजरासारखी. कोंबडी उठायचीच. एकदा पिल्लं निघाली आणि ती कोंबडी मोकळी झाली. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी दुसरी खुडूक कोंबडी हजर. वाडीत कोणती ना कोणती खुडूक असतेच. परीक्षक बदलली, निकाल तोच. कचेरीत लोक विचारत, गुडघा कसा आहे. मी सांगे, कोंबडी अजून उठते. ते पुढे विचारत नसत.

स्पर्धा महिन्यावर आली तेव्हा मी रडकुंडीला येऊन काकींजवळ बसले. त्या वाल सोलत होत्या. मी म्हटलं, काकी, ह्या कोंबडीने माझी नोकरी घालवली. एवढी हलकी उतरते मी, तरी उठते. काकींनी सोलणं थांबवलं.

"खुडूक कोंबडी कधी उठते का गो?" त्या म्हणाल्या. "बाजूला नारळ पडला तरी ती हलायची नाही. दाणे खायला उठवायची तर हातांनी उचलून बाहेर ठेवावी लागते."

साताऱ्याला आमच्याकडे दोन म्हशी होत्या. कोंबड्या नव्हत्या. खुडूक कोंबडी म्हणजे जगातली सगळ्यात हट्टी वस्तू असते, हे गिरीजमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि मला, पदवीधर बाईला, ते सांगावं असं महिनाभर कुणालाही वाटलं नव्हतं. काकी आता पुढे काय होणार म्हणून घाईने वाल सोलायला लागल्या.

मी ओटीवर गेले, बाकाखाली हात घातला. टोपलीच्या काठाला सुंभ बांधलेला होता. तो भिंतीकडेने, नारळाच्या दोऱ्यांच्या भेंडोळ्यांमागून, थेट झोपाळ्याखाली गेला होता. वाडीत सुंभ कुठे पडलेला नसतो, म्हणून मी त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्याच्या टोकाला एक फास होता, पायाच्या अंगठ्याच्या मापाचा.

काका बागेतून आले तेव्हा मी तो फास हातात धरून झोपाळ्यावर बसले होते. मी त्यांना बरंच काही बोलले. माझी नोकरी म्हणजे त्यांना पोरखेळ वाटतो का, इथपासून सुरुवात केली. त्यांनी सगळं उभ्याने ऐकून घेतलं, नजर माझ्या गुडघ्यांवर.

"आणि हे मी तुला तोंडाने सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

मी फासाची गाठ सोडवायला लागले.

"डॉक्टरचं ऐकलं नाहीस. त्या बाईचं ऐकलं नाहीस. माझं तर कोणीच ऐकत नाही. कोंबडीचं ऐकलंस." त्यांनी माझ्या हातातून सुंभ काढून घेतला. "आता बाकावर चढ. डोळे मीट. आणि उडी मारून ऐक."

रागातच चढले. डोळे मिटले, उडी मारली. त्यांनी विचारलं, किती आवाज आले. मला कळेना. पुन्हा मारली. आणि या वेळी ऐकू आलं. धप, आणि मग जरा थांबून, टप.

"पहिला चांगला पाय," काका म्हणाले. "दुसरा भ्यायलेला. रोज हेच. तू हलकी उतरतेस, पण एकाच पायावर उतरतेस. वर चेंडूकडे बघताना तुला हे सांभाळता येणार आहे? ज्या दिवशी भ्यायलेला आधी टेकेल, त्या दिवशी परत कट्." आणि मग जरा वेळाने, "माझाही दोन महिन्यांत बरा झाला होता. एक जत्रा चुकू नये म्हणून उतरलो. तीच शेवटची."

कोंबडी टोपलीत डोळे मिटून बसली होती. तिने एकदाही हालचाल केली नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांकडे जाऊन सांगितलं की मी खेळू शकत नाही. ते म्हणाले, मग फाईलही जाऊ शकत नाही. संध्याकाळी हे काकांना सांगितलं. त्यांनी झोपाळ्याला चार झोके दिले आणि विचारलं, नियमात नेमकं काय म्हटलंय, खेळली पाहिजे की उडी मारली पाहिजे. मी म्हटलं, खेळली पाहिजे. "मग सर्व्हिस करायला उडी कशाला लागते?"

एवढी वर्षं खेळून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण मी जाळ्यावरची खेळाडू. सर्व्हिस म्हणजे माझ्या लेखी चेंडू पलीकडे ढकलायचं काम. काकांनी योजना सांगितली. नुसत्या सर्व्हिससाठी बदली खेळाडू म्हणून आत जायचं, जमिनीवर उभं राहून सर्व्हिस करायची, मागच्या रांगेत थांबायचं, सर्व्हिस तुटली की बाहेर. फिजिओ बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, उडी नाही, गर्रकन वळणं नाही, गुडघ्याला पट्टा बांधून, तर चालेल. काका आणि त्या एका मताच्या झाल्याची ही पहिली वेळ. दोघांनाही ते अवघड गेलं. व्यवस्थापकांनी शिट्टी तोंडात धरून विचार केला आणि नियमात बसतं म्हणाले.

महिनाभर केळीच्या दोन रांगांमध्ये दोरी बांधून मी सर्व्हिस केली. पलीकडे काका टोपल्या ठेवत, मी चेंडू त्यांत टाकायचा. केळीची बरीच पानं फाटली. अट एकच होती. "पाय जमिनीवरून सुटला तर सामान वाडीबाहेर."

सामना ठाण्याला होता. काका आले. इस्त्रीची हाफपँट, आणि हातात फडक्याने झाकलेली टोपली. फाटकावरच्या माणसाने त्यांना भाजीवाला समजून मागच्या दाराने जायला सांगितलं. ते ऐकणारे नव्हते. थेट मैदानाच्या रेषेपाशी येऊन बसले, टोपली पायाशी, आणि टोपलीच्या काठाला सुंभ. तो त्यांनी सगळ्यांदेखत अंगठ्यात अडकवला. माझ्या मैत्रिणींनी विचारलं, हे कोण. मी म्हटलं, ओळखत नाही.

तिसऱ्या डावात मला आत घेतलं. सर्व्हिस पडत गेली. केळीच्या रांगेपेक्षा कोर्ट रुंद असतं, त्यामुळे मला ते सोपंच वाटलं. मग एक चेंडू परत आला आणि आमच्या पासरने, जुन्या सवयीने, तो माझ्यासाठी मागे उंच उचलला. मागच्या रेषेवरून उडी मारून मारायचा, तो माझा फटका होता. चेंडू वर गेला. माझे हात मागे गेले, गुडघे वाकले. पुढचं सगळं अंगाला पाठ होतं.

डोळ्याच्या कोपऱ्यातून मला टोपली दिसली. काका माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या पावलांकडे बघत होते, आणि त्यांचा अंगठा ताठ झाला होता.

मी उडी मारली नाही. जमिनीवर उभी राहून, दोन्ही हातांनी, स्वयंपाकघरातल्या माळ्यावर डबा ढकलावा तसा तो चेंडू पलीकडे ढकलला. त्या बाजूच्या मुली माझ्या फटक्याची वाट बघत मागे सरकल्या होत्या. चेंडू जाळ्याला चिकटून त्यांच्या पुढ्यात पडला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात कुरूप गुण तो. तोच लोकांच्या लक्षात राहिला. सामना आम्ही हरलो, पण मी खेळले होते, तसं कागदावर लागलं आणि उन्हाळ्यात मी कायम झाले.

सामना संपल्यावर मी टोपलीवरचं फडकं उचललं. आत कोंबडी नव्हती. सुकेळी होती, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, काकींनी संघासाठी दिलेली. काका म्हणाले, कोंबडीला अंड्यांवरून उठवून ठाण्याला आणायला ते काय वेडे आहेत.

पुढच्या हंगामात धप आणि टप यांचा एक आवाज झाला, मग मी जाळ्यावर गेले. दहाएक वर्षं खेळले. गुडघ्याने पुन्हा कधी त्रास दिला नाही. मग बोळिंजला फ्लॅट घेतला, लग्न माझ्या पसंतीने केलं, आणि रविवारी एका शाळेतल्या मुलींना व्हॉलीबॉल शिकवायला लागले. पहिला महिना त्या फक्त उतरायला शिकतात. आया येऊन तक्रार करतात की चेंडू कधी देणार.

एकदा काकींचा फोन आला. आता वाडीत फोन होता. म्हणाल्या, तुझे काका पायरीवर पडले. हाड वाचलं, पण आता विमानं फार येतात. फिजिओ बाईंनी परत तेच सांगितलं होतं, मांडीचे व्यायाम, कठडा धरून चढ-उतार, रोज. काका तेच म्हणत होते, जुन्या वस्तूला हात लावू नये. पुन्हा पडले तर अंथरुणातून उठणार नाहीत, असं डॉक्टर काकींना बाजूला घेऊन बोलले होते.

मी रविवारची शिकवणी मैत्रिणीवर सोपवून गिरीजला गेले. काका आत झोपले होते. काकींना विचारलं, खुडूक कोंबडी आहे का. त्यांनी मला प्रश्न विचारला नाही. टोपली घेऊन आल्या.

काका उठून ओटीवर आले, तेव्हा मी झोपाळ्यावर त्यांच्या जागेवर बसले होते. पायऱ्यांना मधल्या काळात कठडा लागला होता, पण त्याला त्यांचा हात कधी लागला नव्हता. आताही ते कठड्याकडे न बघता, चांगल्या पायावर सगळं अंग टाकून, धप टप करत खाली उतरले. मी अंगठा ओढला. बाकाखालून क्वॉक आवाज आला.

काका अंगणात थांबले. बाकाखाली बघितलं. मग सुंभ कुठून कुठे गेलाय ते डोळ्यांनी सावकाश माग काढत माझ्या पायापर्यंत आले.

"उठली?" त्यांनी विचारलं.

"उठली," मी म्हटलं.

त्यांनी कठड्याला हात लावला आणि पुन्हा वर चढायला लागले.